एक जास्त

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे अगदी शब्द न् शब्द नाही, एक-दोन संवाद मी सुधारलेत, कारण खरी माणसं घाबरली की फार कंटाळवाणं बोलतात. आणि शपथ कुणाची ते विचारू नकोस. ताईची घेतली तर ती मला मारेल. माझी घेतली तर तुझा विश्वास बसणार नाही. सरांची घेऊ? चल, सरांची शपथ. त्यांचं आता काय व्हायचं राहिलंय?

पैज लक्षात आहे ना? तू त्या स्टुलावर दाराकडे पाठ करून बसायचंस. दारावर लाल आकडा दिसतो ना, तो गोष्ट संपेपर्यंत बघायचा नाही. वळून बघितलंस तर खोलीत जेवढे आहेत त्या सगळ्यांचा चहा तुझ्याकडून. नाही वळलास तर माझ्याकडून. आपण दोघंच तर आहोत, म्हणालास? बरं. हा भिंगाचा दिवा जरा इकडे ओढ. बाहेर भर दुपार आहे, पण या तळघराला खिडकीच नाही, त्यामुळे इथे कायम एकच वेळ असते. सोल्डरच्या धुराचा वास येतोय? तो भिंतींना लागलाय, जात नाही. तुझ्या शर्टालाही लागेल. सेमिस्टर संपेपर्यंत तुझी आई विचारेल, कुठे जळतंय.

हे समोर आहे ते किट. हिरवा बोर्ड, मधे प्रोसेसर, शेजारी मेमरी, खाली बटणं, वर आकड्यांचा डिस्प्ले. छोटा उघडा कॉम्प्युटर समज, ज्याची आतडी बाहेर आहेत. या विषयात दोनच गोष्टी शिकवतात. बोर्डाला हातपाय जोडायचे आणि मग त्यांचं काय करायचं ते त्याला सांगायचं. ताई म्हणायची, बोर्डाइतका प्रामाणिक कोणी नाही. सांगितलं तेवढंच करतो, न सांगितलेलं कधीच करत नाही. हे वाक्य लक्षात ठेव, कारण ते खोटं आहे.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. माझ्यापेक्षा मोठी, तरी माझ्याच वर्गात, कारण सरांनी तिला याच विषयात दोनदा नापास केलं होतं. मठ्ठ म्हणून नाही. ती डोळे मिटून बोर्ड जोडते. तिचा गुन्हा एवढाच, की पहिल्या वर्षी तिने भर वर्गात हात वर करून विचारलं, "सर, या स्टिकरखाली काय आहे?"

तुझ्या किटवरही आहे बघ, कोपऱ्यात. 'संकल्पना आणि रचना' आणि पुढे सरांचं नाव, डॉक्टर वगैरे लावून. प्रत्येक किटवर आहे. नखाने काढायला गेलास तर नखच तुटेल, इतक्या गोंदाने चिकटवलंय. सर तेव्हा नुसते हसले म्हणे. निकाल लागला तेव्हा ताई नापास. पुढच्या वर्षी परत नापास. शेरा काय, तर 'मूलभूत समज नाही'. आता तिसरी आणि शेवटची संधी होती. यात गेली तर नाव कमी, पदवी नाही, सगळी वर्षं पाण्यात. आणि तोंडी परीक्षा घेणार सर. बरोबर बाहेरून आलेल्या एक मॅडम असतात, पण सर आधी एकटे येऊन 'बघून जातात', आणि काय दाखवायचं ते तेच ठरवतात.

राग येतो ना? मला तर अजून येतो. जेवतानासुद्धा येतो.

ताईने प्रोजेक्ट मुद्दाम साधा निवडला. खोलीत किती माणसं आहेत ते दाखवणारा बोर्ड. दाराच्या चौकटीत सेन्सरचे दोन डोळे बसवायचे, एक बाहेरच्या बाजूला, एक आतल्या. माणूस आधी बाहेरच्या डोळ्यासमोरून गेला तर तो आत आला, आकडा एकने वाढव. आधी आतल्या डोळ्यासमोरून गेला तर बाहेर पडला, एकने कमी कर. आणि प्रत्येक वेळी 'टिक' असा आवाज. बस. लहान पोरालाही कळेल. ताई म्हणाली, "यात चूक काढायला सरांना जादूच करावी लागेल."

पहिल्यांदा बोर्ड सुरू केला, बाहेर गेलो आणि ती आणि मी दोघं परत आत आलो. टिक, टिक. आकडा आला तीन.

मी म्हणालो, "ताई, तू जाड झालीयस, पण इतकी नाही."

"माकडा, गप्प बस." तिने प्रोग्रॅम उघडला. नवशिके शून्याच्या ऐवजी एकपासून मोजायला सुरुवात करतात, मग सगळं एकने जास्त येतं. ही आमच्या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक आहे, तूही करणार आहेस. पण ताईची सुरुवात शून्यापासूनच होती. मेमरी उघडून बघितली. शून्य. चौकटीतले डोळे पुसले, तारा बदलल्या, किट बदललं. तीन. दोघं बाहेर गेलो, टिक, टिक, आणि दाराच्या काचेतून आत बघितलं. रिकामी खोली, ओळीने टेबलं, आणि आमच्या टेबलावर लाल एक.

"पिन मोकळी राहिली असेल," ताई म्हणाली. हेही तुला शिकवतील. बोर्डाची एखादी पिन कशालाच जोडली नाही, तर ती हवेतलं काहीही ऐकत बसते. तिने एकेक पिन तपासली. एकही मोकळी नव्हती.

मग ताई बराच वेळ काचेतून त्या एककडे बघत राहिली. मला जास्त भीती त्याची वाटली.

मी मावशीला सांगितलं, गंमत म्हणून. मावशी म्हणजे ताईची आई, याच कॉलेजात शिकलेली, याच तळघरात. ती कणीक मळत होती. मी म्हणालो, "मावशी, तुझ्या लेकीच्या बोर्डाला मोजता येत नाही. खोलीत कायम एक जास्त दाखवतो."

तिचे हात थांबले.

"कुठल्या खोलीत?"

"लॅबमध्ये."

तिने हात धुतले. कणीक तशीच. आणि मग जे सांगितलं ते ताईलाही माहीत नव्हतं. त्यांच्या वर्गात एक मुलगा होता. फार बोलायचा नाही, म्हणून सगळे त्याला मुका म्हणायचे. हे किट त्याने बनवलं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून, सगळं हाताने आखून. सर तेव्हा नवीन लागले होते. त्यांनी ते डिझाइन आपल्या नावावर केलं. इथपर्यंत ठीक आहे, म्हणजे ठीक नाही, पण होतं असं. पुढचं ऐक. मुक्याने तेच किट परीक्षेत ठेवलं, तर सर म्हणाले, हे माझं डिझाइन आहे, तू चोरलंस. त्याच्याच डिझाइनच्या चोरीबद्दल त्याला काढून टाकलं.

"आणि तुम्ही?" ताई दारात उभी होती. कधी आली कळलंच नाही.

"आम्ही... परीक्षा होती गं आमची."

"म्हणजे गप्प बसलात."

मावशी खाली बघत म्हणाली, "तो दुपारी लॅबमध्ये गेला. आपली वस्तू आणतो म्हणाला. मी दाराशीच बसले होते, बाकावर. आत गेला ते पाहिलं मी..." तिने पदराला हात पुसले. "बाहेर आला नाही. संध्याकाळी शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा आत कोणी नव्हतं. सगळे म्हणाले, तुझी नजर चुकली असेल."

"आणि स्टिकरखाली काय आहे?" ताईने विचारलं. तिसऱ्या वर्षी तिला उत्तर मिळालं, तेही घरात.

"त्याची सही. शाईने नाही, बोर्डाच्या तांब्यातच. आणि ग्राउंडची मुख्य रेघ त्याने त्या सहीतूनच नेली होती."

ग्राउंड म्हणजे करंटला परत जायची वाट. ती तुटली की बोर्ड मेला. समजलं? नाव खरवडलं की बोर्ड बंद. मुका गरीब होता, पण बावळट नव्हता. म्हणून सरांना नाव पुसता आलं नाही, नुसतं झाकता आलं. आणि किटं जेव्हा जेव्हा नवीन छापली, तेव्हा तेव्हा त्याची सहीही छापावी लागली. सर स्वतः छापून घेत होते. मला इतका राग आला आणि इतकं हसू आलं, की मावशीने मला पाणी दिलं.

ताईला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने लॅबमध्ये जाऊन पातळ पातं घेतलं आणि आमच्या किटचं स्टिकर काढलं. धाग्याधाग्याने, सकाळभर. खाली खरंच सही होती, बारीक, जरा डावीकडे झुकलेली. ताई तिच्याकडे बघून हळूच म्हणाली, "सॉरी." आईच्या वतीने बहुतेक.

परीक्षेच्या दिवशी बोर्ड अजूनही एक जास्तच दाखवत होता. ताईचे डोळे सुजले होते. आता तूच सांग, सर येणार, तीन माणसं असणार, बोर्ड चार म्हणणार, आणि सर म्हणणार 'मोजता येत नाही आणि निघाली डिझाइन करायला'. मग ती हात धुवायला गेली तेव्हा मी जे केलं ते तूही केलं असतंस. प्रोग्रॅममध्ये शेवटी एक ओळ घातली. जे येईल त्यातून एक वजा कर. ताई परत आली, आकडा दोन.

"सापडली चूक?"

"सापडली."

"कुठे होती?"

"होती एक."

ती माझ्याकडे बघत होती तेवढ्यात टिक झालं. आकडा तीन. सर दारात उभे होते.

हातात चहा. बिनसाखरेचा, ते सगळ्यांना सांगतात, जणू पदवीच आहे. त्यांनी आकडा बघितला. तीन बरोबर होता. रीसेट दाबलं, आकडा गेला आणि परत तीन आला. आता ऐक, रीसेट केल्यावर तो शून्यापासून मोजतो, म्हणजे शून्य यायला हवा, माझी ओळ धरली तर त्याहूनही एक कमी. तीन आला. सरांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. 

"चालतंय वाटतं," सर म्हणाले, आणि चेहरा असा, जणू जेवणात केस सापडलाय. मग त्यांना कोपरा दिसला. स्टिकर नव्हतं.

आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. "हे कुणी काढलं?"

"मी," ताई म्हणाली. "प्रश्न विचारला होता सर, उत्तर मिळालं नाही. म्हणून शोधलं."

त्यांनी कप ठेवला. टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला.

"सर, तिथून ग्राउंड जातो."

"मला माझं डिझाइन शिकवतेस?"

आणि खरवडलं. कर्र... कर्र... दात आंबतील असा आवाज. तांब्याचा बारीक भुगा, आणि सही मधोमध तुटली. मुद्दाम. बोर्ड मारायचा आणि मेलेल्या बोर्डाबद्दल नापास करायचं. ताई हलली नाही. तिच्या मुठी बघून मला वाटलं, आता ही सरांना मारणार, आणि मला वाटलं, मार.

"तुमचा बोर्ड बंद आहे," सर म्हणाले. "वर जाऊन मॅडमना सांगतो, दाखवण्यासारखं काही नाही. तिसऱ्यांदा ना? असो. लग्नबिग्न कर आता."

त्यांनी बोर्डाकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर दिसलं असतं. आकडा तसाच होता. तीन. लाल, स्वच्छ, जरासुद्धा न लुकलुकता.

ते बाहेर गेले. टिक. दोन.

पंख्याचा आवाज येत होता. आम्ही दोघं त्या तुटलेल्या रेघेकडे बघत होतो.

...टिक.

दारात कोणी नव्हतं. आकडा एक.

"आपण दोघं आहोत," ताई म्हणाली. आवाज अगदी बारीक. "हा एक म्हणतोय."

"ताई... मी एक वजा करून ठेवला होता."

"काय?"

"म्हणजे तो जास्तीचा एक..."

"आता नाहीये इथे," ती म्हणाली. "गेला."

"कुठे?"

तिने दाराकडे बघितलं. सरांचा चहा टेबलावर वाफ सोडत होता. बाहेर पॅसेजमध्ये लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला, आणि लगेच लिफ्ट ओरडायला लागली. ती ओरडते ना, माणसं जास्त झाली की? तशी.

थोड्या वेळाने मॅडम आल्या, जिन्याने, कठडा धरत. टिक. दोन. "तुमच्या लिफ्टला काय झालंय? वजन जास्त म्हणतेय, आणि काचेतून दिसतंय, आत तुमचे सर एकटे. दारही उघडत नाहीये. बटणं बडवतायत बिचारे." मग आकडा बघितला. "तिघं आहोत आपण. हा दोन दाखवतोय."

मी मेलो, असं मला वाटलं. पण ताई पुढे झाली. "मॅडम, या माकडाने यात एक वजा केलाय. काढते." दोन बटणं दाबली. आकडा तीन.

"का केला होता वजा?"

"आधी एक जास्त येत होता."

"आणि आता?"

"आता येत नाही."

मॅडम वाकून बघायला लागल्या. भिंग लावून त्या तुटलेल्या सहीपाशी आल्या आणि तिथेच थांबल्या. "ही ग्राउंडची रेघ तुटलीये. पूर्ण. मग हे चालतंय कसं?"

"माहीत नाही," ताई म्हणाली.

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. "आयुष्यभर तोंडी परीक्षा घेतेय, 'माहीत नाही' म्हणणारी पहिलीच भेटलीस. बाकीचे काहीतरी ठोकून देतात." आणि पास केलं. वर म्हणाल्या, हे दारावरच लावून टाका, उपयोगाचं आहे. ताई पास झाली, नोकरीला लागली, आता मोठ्या मशीनींचे बोर्ड बनवते आणि प्रत्येकाच्या तांब्यात सह्या कोरते. सगळ्यांच्या. जेवढ्यांनी काम केलं तेवढ्यांच्या. मी इथेच राहिलो, याच लॅबमध्ये मदतनीस.

सर? सर लिफ्टमधून सुटले. पण त्यानंतर जरा गंमतच झाली. कँटीनमध्ये पोऱ्या त्यांच्यासमोर पाण्याचे दोन ग्लास ठेवायचा. हाकलला तरी परत दोन. नव्या गाड्या असतात ना, शेजारच्या सीटवर कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही की बोंबलतात? सरांची गाडी बोंबलायची, शेजारची सीट रिकामी असताना. शेवटी ते स्वतः वाकून त्या रिकाम्या सीटला पट्टा लावायला लागले. मी पार्किंगमध्ये पाहिलंय. पट्टा लावताना ते हळूच काहीतरी म्हणायचे. आणि पट्टा सपाट पडायचा नाही. छातीपाशी फुगलेला राहायचा...

मला दया यायला हवी होती. नाही आली. इतकी वर्षं ज्याचं नाव झाकलं, त्याला शेजारी बसवून फिरवा आता.

मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत सर इथे आले. ते दारावरचं किट काढायला. 'माझी वस्तू नेतो' म्हणाले. मी बाहेर बाकावर बसलो होतो, वडा नव्हता म्हणून नुसतीच चटणी खात होतो, म्हणजे पूर्ण शुद्धीत होतो. आत गेले ते पाहिलं. टिक. मग परत टिक. मी बाकावरून हललो नाही. सुट्टी संपली, पोरं आली, दार उघडलं. आत कोणी नव्हतं. दाराखाली एक स्टूल, स्टुलावर स्क्रूड्रायव्हर आणि किटचा एकच स्क्रू निघालेला. ऑफिस म्हणतं, सर रजेवर आहेत. माझी नजर चुकली असेल म्हणे.

हो, तेच स्टूल. तू बसलायस ते. बस, बस, उठू नकोस, मजबूत आहे...

टिक.

आँ! वळलास! वळलास ना? हरलास. टिक मी केलं रे, हे बघ, पेनने. इतकं काय दचकायचं?

आवाज माझा होता. आकडा माझा नाही.

काय आहे, मोठ्याने वाच. चार. बरोबर. आता तुझं तोंड बघण्यासारखं झालंय, पण पैज म्हणजे पैज. खोलीत जेवढे आहेत तेवढ्यांचा चहा. चार सांग. सरांना बिनसाखरेचा लागतो, म्हणून त्यांच्या कपात साखर घालायला सांग. भरपूर. चमचा उभा राहिला पाहिजे. मुक्याला कसा आवडतो माहीत नाही, त्याला कधी कोणी विचारलंच नसेल, तर तू विचार.

चल, काढ पैसे, ऊठ. आणि बाहेर पडलास की काचेतून एकदा आकडा बघ. तीन असला तर सरळ कँटीनला जा.

दोन असला, तर लिफ्टने जाऊ नकोस.